समुपदेशन शिबिराच्या आधीची कामं

प्रश्न असा आहे. पूर आणि दरडींमुळे उद्ध्वस्त झालेल्या काही वस्त्यांत एक स्वयंसेवी गट काम करतो आहे. धान्य, कपडे, औषधं पोचली. आता लोकांच्या मनासाठी काहीतरी करावं म्हणून दोन दिवसांचं समुपदेशन शिबिर घ्यायचं घाटतं आहे. समुपदेशक यायला तयार आहेत. किती जण बोलवावेत, लोकांना बोलतं कसं करावं, खरोखर गंभीर कोण हे कसं ओळखावं, आणि हे काम किती काळ चालवावं?

शिबिर घेऊ नका. समुपदेशक नकोतच असं माझं म्हणणं नाही. ते लागतील, पण आत्ता नाही, सगळ्यांसाठी नाही, आणि दोन दिवसांसाठी तर मुळीच नाही. पहिल्या महिन्यात तुमचा पैसा आणि उत्साह जिथे सर्वांत जास्त कामी येईल ती कामं वेगळी आहेत, आणि त्यांच्यावर मानसिक आरोग्याची पाटी बहुधा नसते.

आधी बोलतं करण्याविषयी. साठलेलं बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आपत्कालीन सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये घटनेची गटात बसून उजळणी करण्याची एक पद्धत मांडली. ती कर्मचाऱ्यांपुरती राहिली नाही. आपत्तीग्रस्तांवर सरसकट वापरली जाऊ लागली. घटना घडून दोन-चार दिवस होतात न होतात तोच माणसाला बसवायचं, काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमाने सांगायला लावायचं आणि आपण निघून जायचं. भाजलेल्या रुग्णांवर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात तेरा महिन्यांनी तपासणी केली, तेव्हा उजळणी करवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, होता; न करवलेल्यांत तो ९ टक्क्यांना होता. उजळणीच्या गटातल्यांच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, त्यामुळे या एका आकड्यावर विसंबू नये. पण वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००२ च्या आढाव्याने असे सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला की एका बैठकीच्या उजळणीने हा विकार टळत नाही, सक्तीने ती करवणं बंद करावं. जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही.

याचा अर्थ लोकांना गप्प बसवायचं असा नाही. ज्याला बोलायचं आहे त्याचं शेवटपर्यंत ऐका, मधे उपदेश न करता. ज्याला नाही बोलायचं त्याच्या शेजारी बसा, पाणी द्या, आणि त्याच्या न बोलण्याला आजार ठरवू नका.

या सगळ्याला नाव आहे प्राथमिक मानसिक आधार. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या साथीने २०११ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. तिचा सांगाडा तीन क्रियापदांत बसतो: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहायचं ते धोका कुठे आहे आणि कोण अगदीच सैरभैर झालं आहे ते. ऐकायचं ते गरज काय आहे ते. आणि जोडून द्यायचं माहितीशी, सेवांशी, आपल्या माणसांशी. हे करायला पदवी लागत नाही. एका दिवसाच्या चांगल्या प्रशिक्षणात कुणालाही येतं. 'निदान जीव तरी वाचला', 'तुमच्यापेक्षा वाईट झालंय कित्येकांचं', 'देवाच्या मनात असेल तसं' ही वाक्यं मात्र कार्यकर्त्यांच्या तोंडून काढूनच टाका. त्याऐवजी एक प्रश्न शिकवा: 'आत्ता या घडीला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?' उत्तरं बहुतेक वेळा अगदी व्यावहारिक येतात. म्हातारीचा चष्मा हरवलाय. कागदपत्रं भिजलीत. मुलगी दुसऱ्या छावणीत आहे, फोन लागत नाही. ती अडचण सोडवा. माणसाला त्या रात्री चार तास जास्त झोप लागते. याला मी उपचार म्हणतो, कुणी काही म्हणो.

आता आकडे, कारण त्यावरून तुमचं नियोजन ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज असा की तीव्र मानसिक आजार एरवी २ ते ३ टक्के प्रौढांत असतात, मोठ्या आपत्तीनंतर ते ३ ते ४ टक्के होतात; सौम्य आणि मध्यम स्वरूपाचे एरवीचे १० टक्के पुढे १५ ते २० टक्क्यांवर जातात. म्हणजे हजार प्रौढांच्या वस्तीत तीव्र आजाराचे तीस-चाळीस जण असतील, तर त्यांतले वीस-तीस जण पूर येण्याआधीही आजारीच होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. गोळ्या वाहून गेल्या, डॉक्टरची चिठ्ठी वाहून गेली, दवाखाना बंद. स्किझोफ्रेनिया, फिट्स, तीव्र नैराश्य यांची औषधं एकदम तुटली की दोन-तीन आठवड्यांत, फिट्सच्या बाबतीत तर दोन-तीन दिवसांत, परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून पहिल्या आठवड्यात दारोदार फिरताना विचारायचा प्रश्न 'तुम्हाला कसं वाटतंय' हा नाही; 'घरात कुणाच्या रोजच्या गोळ्या चालू होत्या का, त्या आता आहेत का' हा आहे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती सर्रास चुकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू आपत्तीमुळे अचानक बंद होते. पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, नसलेली माणसं दिसू लागतात. छावणीत सगळे म्हणतात, धक्का बसलाय बिचाऱ्याला. तो धक्का नाही. जिवावर बेतू शकणारी वैद्यकीय आणीबाणी आहे. त्याला समुपदेशन नको, रुग्णालय हवं, लगेच.

बाकीच्यांचं काय? झोप उडणं, जरा आवाज झाला की दचकणं, भूक मरणं, छातीत धडधड, चिडचिड, पुन्हा पुन्हा तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, 'मी तिचा हात का सोडला' असं स्वतःलाच विचारत राहणं: पहिल्या काही आठवड्यांत हे बहुसंख्यांना होतं आणि बहुसंख्यांचं आपोआप कमी होत जातं. पीटीएसडीचं निदान पहिल्या महिन्यात करतच नाहीत, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात प्रश्नावल्या भरून घेऊन 'ऐंशी टक्के लोक मानसिक रुग्ण' अशी बातमी देणं हा शुद्ध खोटेपणा आहे. आणि कुणी भल्या मनाने झोपेच्या गोळ्या वाटत असेल तर त्याला थांबवा. डायझेपाम, अल्प्राझोलाम या गटातली औषधं आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रासासाठी किंवा झोपेसाठी देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासूनची स्पष्ट सूचना आहे.

मग ज्या आपोआप सावरण्यावर मी इतका भरवसा ठेवतो आहे, ते होतं कशाच्या जोरावर? मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उपलब्ध पुराव्यांतून पाच गोष्टी काढल्या: सुरक्षित वाटणं, मन आणि शरीर शांत होणं, आपल्याला आणि आपल्या वस्तीला काही करता येतं ही जाणीव, आपली माणसं जवळ असणं आणि आशा. यादी नीट वाचली तर दिसेल की यातली एकही गोष्ट कुणाच्या स्वभावातली नाही. त्या भोवतालच्या व्यवस्थेने मिळतात किंवा हिरावल्या जातात. 'इथले लोक फार धीराचे' हे कौतुक मला म्हणूनच आवडत नाही. त्याच्या आडोशाने मदत लांबवली जाते, आणि ज्याला सावरता आलं नाही त्याला आपणच कमी पडलो असं वाटू लागतं.

सर्वांत जास्त विध्वंस, माझ्या मते, पाण्याने होत नाही. पुनर्वसनाच्या यादीने होतो. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर तात्पुरती घरं सोडतीने दिली गेली आणि वृद्धांना, अपंगांना प्राधान्य मिळालं. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण त्यामुळे एकेकटी म्हातारी माणसं आयुष्यभराच्या शेजारापासून तुटून अनोळखी वसाहतींत जाऊन पडली. पुढच्या वर्षांत त्या तात्पुरत्या घरांत दोनशेहून अधिक माणसं एकटीच मरून पडलेली सापडली. त्याच देशात २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरात काही जणांना सोडतीने घरं मिळाली, काही वस्त्या मात्र गटागटाने एकत्र हलवल्या गेल्या. संशोधकांकडे आपत्तीच्या आधीची माहिती होती, म्हणून तुलना करता आली: गटाने गेलेल्यांचं एकमेकांकडे येणं-जाणं, सामाजिक कामांत भाग घेणं टिकलं, वाढलंही, सोडतीने गेलेल्यांचं घटलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक इथे १९७२ मध्ये कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसं मेली. तो बांध माणसांनी घातलेला, म्हणजे आपत्ती निव्वळ नैसर्गिक नव्हतीच. पण तिथेही वाचलेल्यांना जुनी वस्ती न पाहता जागा मिळेल तशी चाकांवरच्या फिरत्या घरांत ठेवलं गेलं, आणि समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी तिथेच नोंदवलं की माणसाला बसलेला धक्का एक आणि माणसामाणसांतला धागा तुटण्याचा धक्का दुसरा. हा दुसरा हळूहळू, न कळत बसतो.

तेव्हा तुमच्या गटाचं पहिलं मानसिक आरोग्याचं काम: जागावाटपाच्या बैठकीला जाऊन बसा. जुन्या गल्लीतली घरं शेजारी-शेजारी ठेवता येतील का, हे अधिकाऱ्यांना विचारा, पुन्हा विचारा. एकट्या राहणाऱ्यांची यादी करा आणि ओळखीच्या कुटुंबाच्या लगत त्यांना जागा मागा. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटेल. वाटू द्या.

दुसरं काम माहितीचं. अफवा पसरतात त्या लोक भित्रे म्हणून नव्हे. पोकळी असते म्हणून. छावणीच्या दर्शनी भागात एक फळा लावा आणि दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, तो वाचून दाखवा, कारण प्रत्येकाला वाचता येत नाही. रस्ता केव्हा सुरू होईल, भरपाईसाठी कोणते कागद लागतात, शाळा कुठे भरणार. काही नवीन नसेल त्या दिवशीही ठरलेल्या वेळी उभं राहून 'आज नवीन काही नाही, उद्या सकाळी पुन्हा सांगू' असं म्हणा. फार छोटी गोष्ट वाटते. पण उद्या अमुक वाजता कुणीतरी काहीतरी सांगणार आहे, एवढ्या खात्रीने माणसाचा दिवस बांधला जातो.

बेपत्ता आणि मृतांविषयी थोडं सविस्तर, कारण इथे घाई होते आणि ती वर्षानुवर्षं छळते. मृतदेहांमुळे साथ पसरेल या भीतीने ओळख न पटवता सामुदायिक दफन किंवा दहन उरकलं जातं. नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्यांचे मृतदेह सहसा साथीचं कारण होत नाहीत. साथी पसरतात त्या दूषित पाण्याने आणि जिवंत माणसांच्या गर्दीने. म्हणून प्रत्येक मृतदेहाला क्रमांक, चेहऱ्याचा आणि कपड्यांचा फोटो, अंगावरच्या वस्तूंची नोंद, आणि पुरलं असेल तर नेमकी जागा, एवढं झालंच पाहिजे. नातेवाईकांना आपल्या रीतीने निरोप देता यावा यासाठी जागा आणि वेळ मिळवून द्या. ज्यांचा माणूस सापडतच नाही त्यांच्याशी बोलताना 'आता मान्य करा' असं म्हणू नका. माणूस गेला की आहे हेच न कळणाऱ्या अशा अधांतरी दुःखावर अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अनेक दशकं काम केलं आहे, आणि त्यांचं सांगणं असं की ते दुःख पूर्णविरामाने संपत नाही. 'तो बहुधा गेला असेल, कदाचित नसेलही' या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरून जगायला माणूस शिकतो. आई रोज किनाऱ्यावर जाऊन उभी राहत असेल तर तिच्याबरोबर कुणी जाईल एवढं पाहा.

तिसरं, लोकांना घेणारेच करून ठेवू नका. रांगेत उभं राहायचं, ताट पुढे करायचं, सही करायची, हे महिनाभर केलं की कर्ता माणूसही खचतो. स्वयंपाक, साठ्याची नोंद, मुलांचा वर्ग, रात्रीची गस्त हे सगळं छावणीतल्याच माणसांच्या हाती द्या, तुमच्यापेक्षा ते सावकाश होत असलं तरी. बायकांना निर्णयात घ्या आणि पहिला विषय शौचालयाचा ठेवा: आतून कडी, वाटेवर दिवा. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या समन्वय समितीने २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत मनोसामाजिक आधाराचा चार थरांचा पिरॅमिड आहे. त्याचा सगळ्यात रुंद, तळाचा थर सुरक्षितता आणि मूलभूत सेवांचा; त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार; मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी द्यायची नेमकी मदत; आणि टोकाला तज्ज्ञ. दिव्याची तार ओढणारा माणूस त्या पिरॅमिडच्या पायाशी काम करतो आहे.

मुलांसाठी लांबलचक कार्यक्रम नकोत. शाळा लवकर उघडा, तंबूत का होईना. खेळायला राखीव जागा, ओळखीचे मोठे जवळ, झोपेची वेळ ठरलेली. अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून बसणं, पूर-पूर खेळणं हे सगळं होईल. रागावू नका, चिडवू देऊ नका. पुराची दृश्यं मोबाइलवर पुन्हा पुन्हा दाखवणं बंद करा. चित्रं काढायला द्या, पण 'पुराचं चित्र काढ' असं सांगू नका.

आता ओळखायचं कसं. लक्षणांची लांब यादी पाठ करण्यापेक्षा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात: माणूस रोजची कामं करतो आहे का, आणि दिवसागणिक त्रास उतरतो आहे की चढतो आहे. महिना उलटूनही जो अंघोळ, जेवण, मुलांकडे पाहणं करू शकत नाही, ज्याची झोप तशीच उडालेली आहे, जो त्या रस्त्याने पाऊलही टाकू शकत नाही, त्याला तज्ज्ञापर्यंत पोचवा. पीटीएसडीवर आघातकेंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार (आघाताविषयीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साह्याने आघाताच्या आठवणी हाताळणारा) हे सिद्ध उपचार आहेत; ते प्रशिक्षित माणसाकडूनच, सलग काही आठवडे घ्यायचे असतात. दुःखाला मात्र अवधी द्या. दीर्घकाळ चिघळलेल्या शोकाचं निदान आजारांच्या नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही सहा महिन्यांच्या आत करत नाहीत.

काही गोष्टींना महिना थांबायचं नाही: मरणाची भाषा, विचित्र आवाज ऐकू येणं, असंबद्ध बडबड, खाणं-पिणं पूर्ण बंद, अंगावरच्या बाळाकडे दुर्लक्ष. आत्महत्येचा संशय आला तर सरळ विचारा, 'जीव संपवावा असे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून बहुतेकांना हायसं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तज्ज्ञ कमी पडतात तिथे मधल्या थरासाठी एक चांगलं साधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' ही पद्धत प्रसिद्ध केली. आठवड्याला एक अशा पाच बैठका. श्वासाने ताण उतरवणं, सुटू शकणाऱ्या अडचणीचे तुकडे पाडणं, थांबलेली कामं थोडी थोडी सुरू करणं, आणि आधाराची माणसं पुन्हा जोडणं. मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली आणि देखरेखीखाली काम करणारी माणसं ती देऊ शकतात. पेशावरमध्ये तिची चाचणी झाली आणि चिंता-नैराश्य दोन्ही कमी झालं. मात्र 'देखरेखीखाली' हे शब्द गाळून ती वापरू नका.

किती काळ, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या आठवड्यांत सगळे एकमेकांसाठी धावतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, माणसं आपसांतली भांडणं विसरतात. अडचण सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. कॅमेरे गेलेले, संस्था गेलेल्या, भरपाईच्या यादीत नाव नाही, शेजाऱ्याचं आहे. हेवेदावे, दारू, घरातली मारहाण, कर्जाचे तगादे, सगळं याच काळात वर येतं. पुढचा पावसाळा आणि पहिला वर्षश्राद्धाचा दिवस हे दोन कठीण टप्पे असतात. त्याआधीच वस्तीला बरोबर घेऊन तो दिवस कसा पाळायचा हे ठरवा, आणि धोक्याची सूचना, सुटकेची वाट, कोण कुणाला आणणार याची तालीम करा. पावसाच्या आवाजाने घाबरणाऱ्या माणसाला 'घाबरू नका' म्हणण्यापेक्षा 'पाणी इथवर आलं तर तू आजीला घेऊन या वाटेने शाळेत जायचं' हे दोनदा चालून दाखवलेलं जास्त कामाला येतं. म्हणजे किमान दीड-दोन वर्षांची तयारी हवी. तेवढी नसेल तर सुरुवातीलाच वस्तीतली आठ-दहा माणसं निवडून त्यांना तयार करा. निवडताना सभेत जास्त बोलणारे घेऊ नका. लोक रात्री कुणाच्या दारात जातात ते विचारा.

तुमच्या कार्यकर्त्यांनाही जपा. त्यांतल्या अनेकांची स्वतःची घरं गेली आहेत. आठवड्याची एक सुट्टी सक्तीची, जोडीने काम, आणि दिवसाअखेर अर्धा तास चहा घेत कामाचं बोलणं. त्यात कुणी रडलं तर रडू द्या, पण त्यालाही उजळणीची बैठक बनवू नका.

समुपदेशकांना आता फोन करून एवढंच विचारा: आठवड्यातून एकदा, वर्षभर, येऊ शकाल का? निवडलेल्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं आणि अवघड रुग्ण पाहणं, हे त्यांचं काम. हो म्हणणारे दोघे-तिघे मिळाले तरी पुरे. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी ते दोन दिवस कार्यकर्त्यांना प्राथमिक मानसिक आधार शिकवण्यात घालवावेत. छावणीत फेरी मारून लोकांना प्रश्न विचारायला नको.